मुखवट्यांची उतरंड

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बेळगावचा पाऊस एकदा लागला की घराच्या भिंतींना ओल चढते, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येतो आणि आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत दम्याच्या मुलांची रीघ लागते. अशाच एका रात्री नऊच्या सुमारास कॅम्पातील माझ्या दवाखान्यात पंधरा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आईने आणले. धाप लागलेली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मात्र ऑक्सिजनची पातळी ठीक होती आणि तो लहान लहान वाक्ये बोलू शकत होता. स्पेसरमधून औषधाचे फवारे दिल्यावर तासाभरात त्याचा श्वास सैल झाला.

जाण्यापूर्वी आईने पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. “हे बघा की डॉक्टर. अभ्यास सोडून दिवसभर हेच काढत बसतो. राक्षसांची तोंडं नुसती! मला तर बघूनच कसंतरी होतं. औषध घे म्हटलं की मात्र विसरतो.”

(मुलाच्या आणि आईच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी वही उघडली. पानापानांवर मुखवटे होते, आणि प्रत्येकाखाली अनुक्रमांक व दहापैकी गुण! चौकशी केली तेव्हा कळले की हे सारे ‘डोरोहेडोरो’ नावाच्या जपानी चित्रमालिकेतले मांत्रिक आहेत. क्यू हायाशिदा यांची ही चित्रकथा २००० ते २०१८ या काळात प्रसिद्ध झाली आणि २०२० मध्ये तिच्यावर मालिका निघाली. तीत रक्तपात भरपूर आहे, त्यामुळे लहान मुलांनी ती पाहू नये असे मी आईला सांगितले आणि मुलालाही. पण कल्पना मोठी विलक्षण आहे. या मांत्रिकांच्या शरीरातून जादूचा धूर निघतो, प्रत्येकाच्या धुराचा गुण वेगळा, आणि प्रत्येकाचा मुखवटाही वेगळा. सैतानाकडून मिळालेल्या मुखवट्याची प्रतिष्ठा सर्वांत मोठी. त्यांचा म्होरक्या एन हा धुराने समोरच्याचे अळंबे करून टाकतो. शिन नावाच्या एकाचा मुखवटा तर थेट मानवी हृदयाच्या आकाराचा आहे. त्याची सहकारी नोई हिच्या धुराने जखमा भरून येतात. मुलाने नोईला एनच्याही वरचा क्रमांक दिला होता. “मारणं सोपं असतं, काका. बरं करणारी पॉवर भारी,” असे त्याचे स्पष्टीकरण! मला मनातून बरे वाटले.

ते समाधान पुढच्या पानापर्यंतच टिकले. शेवटच्या पानावर, साऱ्यांच्या वर, क्रमांक एकला, दहापैकी दहा गुण देऊन एक मुखवटा काढला होता. हिरवट, पारदर्शक, नाकातोंडावर बसणारा, दोन्ही बाजूंना भोके असलेला, आणि त्या भोकांतून पांढरा धूर निघणारा. तो कोणत्याही मांत्रिकाचा नव्हता. तो नेब्युलायझरचा मास्क होता. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘हा स्वतः घालत नाहीत. दुसऱ्याला घालतात.’

मी त्याच्याकडे पाहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता.

आठवण यायला वेळ लागला नाही. हा मुलगा चार वर्षांचा असताना असाच धाप लागून माझ्याकडे आला होता. बाहेर गर्दी होती, मी घाईत होतो. तो हातपाय झाडत होता, किंचाळत होता. आईने पाय धरले, परिचारिकेने हात धरले आणि मी एका हाताने त्याचे डोके दाबून दुसऱ्या हाताने मास्क चेहऱ्यावर दाबून धरला. दहा मिनिटांत औषध संपले, मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. माझ्या दृष्टीने ती एक नेहमीची संध्याकाळ होती. त्याच्या दृष्टीने काय होती, ते अकरा वर्षांनी या वहीत वाचायला मिळाले.

पुढच्या भेटीला त्याला मुद्दाम संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर बोलावले. म्हटले, “तुझी यादी पाहिली, आता माझी ऐक. पण माझे मांत्रिक खरे आहेत हं!” मुखवट्यांना क्रम लावण्याचा हा उद्योग पोरकट वाटेल, पण अशी हौस आपल्याकडे जुनीच आहे. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तेथल्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पाने असतात, आणि कोणते पान कोणावर चढते याचे काटेकोर नियम असतात. देवांच्या अवतारांना जर पानांच्या डावात बसवता येते, तर मुखवट्यांनी काय घोडे मारले?

माझ्या यादीत चौथा क्रमांक युरोपातील चोचवाल्या वैद्याचा. सतराव्या शतकात प्लेगच्या रुग्णांकडे जाताना काही वैद्य पक्ष्याच्या चोचीसारखा लांब मुखवटा घालीत. शार्ल द लोर्म या फ्रेंच वैद्याला त्याचे जनकत्व दिले जाते. चोचीत सुगंधी वनस्पती भरलेल्या असत, कारण रोग दुर्गंधीतून पसरतो अशी समजूत होती. पिसवा आणि उंदीर यांचे प्लेगशी असलेले नाते कळायला पुढे एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. हा मुखवटा दिसायला सर्वांत भयंकर, पण त्यामागचे शास्त्र चुकीचे. मुलगा म्हणाला, “म्हणजे नुसती स्टाइल!” मी मान डोलावली.

तिसरा क्रमांक दशावतारातील संकासुराचा. कोकणातल्या जत्रांतून ज्यांनी रात्री जागवल्या आहेत त्यांना तो सांगायला नको. पायघोळ काळा अंगरखा, तोंडावरून घेतलेला काळा बुरखा आणि लोंबणारी लाल जीभ. हा वेद चोरणारा असुर. पाहताच पोरे आईच्या पदरात शिरतात. पण तो बोलू लागतो ते अस्सल मालवणीत, आणि पाच मिनिटांत सारे प्रेक्षक हसून लोळू लागतात. भीती दाखवून लगेच तिची हवा काढून घेणे ही त्याची करामत. रडणाऱ्या मुलाला हसवता येणे ही सिद्धी आमच्या शास्त्राच्या कोणत्याही पदवीबरोबर मिळत नाही.

दुसरा क्रमांक आमच्याच साध्या कापडी मास्कचा. १८९७ मध्ये ब्रेस्लाऊ येथे मिकुलिच या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापड बांधण्यास सुरुवात केली. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे मेली. तेथे मलायात जन्मलेल्या डॉ. वू लिएन-तेह यांनी, हा रोग श्वासातून पसरतो, असे ठामपणे सांगून कापूस आणि जाळीदार कापड यांचा मास्क सर्वांना घालायला लावला. डॉ. मेस्नी या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना त्या तरुण सहकाऱ्याचे म्हणणे पटले नाही. ते मास्क न घालता रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांतच त्याच प्लेगने दगावले. कापडाच्या थरांनी जे वाचले असते ते अहंकाराने गेले. २०२० आणि २०२१ ही वर्षे आठवली की या मास्कचे ऋण आपण सारेच मान्य करू. पण त्याची किंमतही मी पाहिली आहे. त्या दोन वर्षांत माझ्याकडे आलेल्या तान्ह्या मुलांनी माझा चेहरा पाहिलाच नाही. मी हसत असे, पण ते त्यांना कळत नसे. डोळ्यांपुरता उरलेला डॉक्टर पाहून ती बिचारी रडत.

आणि पहिला क्रमांक मी दिला बोहाड्याच्या मुखवट्यांना. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा आणि त्यांना लागून असलेला नाशिकचा डोंगराळ भाग येथे आदिवासी गावांत उन्हाळ्याच्या दिवसांत बोहाडा होतो. कोठे त्याला भोवाडा म्हणतात. रात्री मशालींच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या सुरावर एकामागून एक सोंगे येतात. गणपती येतो, सारजा येते, नरसिंह येतो, रावण येतो आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, मोठे, डोक्यावर आणि खांद्यांवर भार टाकणारे. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्यानेच घ्यायचे असा रिवाज आहे. मुखवट्याची आधी पूजा होते, मगच तो चेहऱ्यावर चढतो. रात्रभर जो रावण होता तो दुसऱ्या दिवशी आपल्या शेतावर जातो. गावात त्याला कोणी घाबरत नाही, कारण मुखवट्यामागे कोण आहे हे सर्वांना ठाऊक असते. मुखवटा येथे माणसाला लपवत नाही, त्याला बांधून घेतो. सोंग घेणाऱ्याने ते जबाबदारी म्हणून पत्करलेले असते आणि पाहणाऱ्यांनी श्रद्धेने मानलेले असते. माझ्या मते मुखवट्याची खरी शक्ती ती. दोन्ही बाजूंची संमती!

मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिले. तो थोडा वेळ विचार करीत राहिला. मग म्हणाला, “पण काका, रावणाचं तोंड तो माणूस स्वतः घालतो. तुमचं मला विचारलं नव्हतं. म्हणून तेच एक नंबर. भारी म्हणून नाही दिला, भीती वाटते म्हणून दिला.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याची क्षमा मागितली. तीस वर्षांच्या व्यवसायात मी एखाद्या मुलाची अशी समोर बसून क्षमा मागण्याचा तो पहिला प्रसंग. तो गोंधळला, मग हळूच म्हणाला, रोजचा प्रतिबंधक इनहेलर तो विसरत नव्हता, टाळत होता. घरातल्या स्पेसरला लहानपणचा तोच मास्क अजून लावलेला होता, आणि तो चेहऱ्यावर टेकला की त्याला गुदमरल्यासारखे होई. मित्रांसमोर तो काढायची लाज वाटे ती वेगळीच.

पंधरा वर्षांच्या मुलाला मास्कची गरजच नव्हती. साधारण चार वर्षांनंतर, सांगितलेले समजून करता येऊ लागले की, मूल स्पेसरची तोटी ओठांत धरून औषध घेऊ शकते. मी लिहून देत होतो, आई विकत आणत होती, पण तो ते औषध कसे घेतो हे आमच्यापैकी कोणीही कित्येक वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी मास्क काढून टाकला, तोटी दिली, औषधानंतर चूळ भरायला शिकवले. नुसत्या तात्पुरत्या आराम देणाऱ्या इनहेलरवर विसंबू नये, हे बारा वर्षांपुढील सर्व दमेकऱ्यांसाठी २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच सांगितलेले आहे. तेही त्याला समजावून सांगितले. तो आता नियमित औषध घेतो असे म्हणणार नाही. आठवड्यातून एकदोनदा चुकतेच. पण चुकले की सांगतो, आणि त्या रात्रीनंतर त्याला तसा झटका आलेला नाही.

व्यवसायबंधूंसाठी चार शब्द. जबरदस्तीने मास्क दाबून धरला म्हणजे औषध पोहोचले असे आपण मानतो. प्रत्यक्षात रडणाऱ्या मुलाच्या फुफ्फुसात फार थोडे औषध उतरते. बरेचसे घशात बसते आणि पोटात जाते. रडू नये म्हणून मास्क चेहऱ्यापासून दूर धरला तर मात्रा आणखीच घटते. सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेले औषध नेब्युलायझरइतकेच गुणकारी ठरते आणि वेळही कमी लागतो. अत्यवस्थ मुलाची गोष्ट वेगळी, तेथे थांबायला सवड नसते. पण बहुतेक वेळा दोन मिनिटे असतात. त्या दोन मिनिटांत मास्क आधी मुलाच्या हातात द्यावा, बाहुलीला घालू द्यावा, आईच्या तोंडाला लावून पाहू द्यावा. बोहाड्यात मुखवटा चढण्यापूर्वी त्याची पूजा होते. आपल्याला निदान ओळख करून देता येईल.

आणि पालकांसाठी एवढेच, की मुलाच्या वहीत राक्षस दिसले तर वही हिसकावून घेऊ नका. शेवटच्या पानापर्यंत पाहा. त्या रात्री आईने ती वही पिशवीतून काढली नसती, तर मी औषधांची चिठ्ठी लिहून त्याला घरी पाठवले असते, आणि त्या चिठ्ठीवर पुन्हा तोच मास्क असता.

त्या वहीतला क्रमांक एक अजून बदललेला नाही. मी विचारतो, तो मान हलवतो. मीही आग्रह धरलेला नाही. मात्र कॅम्पातल्या माझ्या तपासणीच्या खोलीत आता एका टोपलीत धुतलेले, रिकामे मास्क ठेवलेले असतात, खेळण्यांच्या शेजारी. मुले येतात, ते उचलतात, तोंडाला लावून एकमेकांना घाबरवतात. परवा एका तीन वर्षांच्या मुलीने त्यातला एक मास्क उचलून माझ्याच तोंडावर दाबला. मी तो तसाच राहू दिला.