उंदीर धरणारा कुत्रा घरात असेल तर

वर्षावासात सायंकाळी विहारातले ग्रंथवाचन आटोपले की बाया आमच्याभोवती बसतात आणि दुखण्याखुपण्याचे विचारतात. यंदा प्रश्न जास्त आले ते उंदरांचे आणि कुत्र्यांचे. मोबाईलवर उंदीर पकडणाऱ्या छोट्या कुत्र्यांचे व्हिडिओ पाहून काही घरांनी बाहेरून पिल्लू विकत आणले आहे, काहींचा विचार चालू आहे. म्हणून या अंकात त्यावरच लिहितो.

या लहान कुत्र्यांना टेरियर म्हणतात. टेरा म्हणजे जमीन. बिळात शिरून, माती उकरून जनावर बाहेर काढणारा तो टेरियर. जॅक रसेल, फॉक्स टेरियर, रॅट टेरियर असे त्यांचे प्रकार आहेत. जॅक रसेलचे वजन साधारण पाच ते आठ किलो, आयुष्य बारा-चौदा वर्षांचे. तो उंदराला मानेपाशी धरतो, झटका देतो आणि सोडून पुढच्यावर जातो. मांजरासारखा खेळवत बसत नाही. पण हा कुत्रा बांधून ठेवायचा नाही. दिवसातून दोनदा पळायला मिळाले नाही तर तो दिवसभर भुंकतो, सांदवाडी खणून काढतो आणि चिडका होतो. एका खोलीच्या घरात, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून असताना, हे आधी ध्यानात घ्या. गोंदियाचा मे महिना त्याच्यासाठी नाही. सावली आणि पाण्याचे भांडे हवेच.

बाजारात अशा पिल्लाला 'जातिवंत' म्हणतात आणि त्या शब्दाचे पैसे मोजून घेतात. आपल्या लोकांनी तरी या शब्दाला भुलू नये! मोहल्ल्यातला गावठी कुत्रा इथल्या उन्हात वाढलेला असतो, फुकट मिळतो, आणि पिल्लू असल्यापासून घरात वाढवला तर उंदरामागे तोही धावतो. आमचे मत विचाराल तर गावठी पिल्लू घ्या आणि वाचलेले पैसे त्याच्या लसीला लावा.

लसीवर एवढा जोर का, ते सांगतो. धानाचे घर म्हटले की उंदीर आले, घुशी आल्या. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा आजार पसरतो. त्याचे जंतू ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात टिकतात आणि पायाच्या भेगांतून, बोटांमधल्या चिखल्यांतून अंगात शिरतात. रोवण्याच्या दिवसांत आपल्या बाया दिवस दिवस चिखलात उभ्या असतात, तेव्हा भेगा आणि चिखल्या कुणाला नसतात? उंदीर धरणाऱ्या कुत्र्यालाही हा आजार होतो. मग त्याच्या मुतातूनही जंतू पडू लागतात, कधी कधी कुत्रा वरून धडधाकट दिसत असताना. म्हणजे बांधीतला धोका ओट्यावर येतो.

थंडी वाजून ताप, पोटऱ्यांना हात लावू न देण्याइतके दुखणे, डोळे लाल होणे, ही सुरुवात. पुढे डोळे पिवळे पडतात, लघवी कमी होते. पोटऱ्या दुखतात त्या रोवण्याने, असे समजून बाया अंगावर काढतात. तसे करू नका. डॉक्टरांना सांगा की चिखलात काम केले आहे आणि घरात उंदीर आहेत, कुत्रा आहे. हे सांगितले तर निदान लवकर होते. वेळेवर साध्या अँटिबायोटिकने हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत धरतो. उंदरांच्या अंगावरच्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफसही होतो. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. त्यात अंगावर, बहुधा काखेत किंवा जांघेत, विडीने पोळल्यासारखा काळा डाग पडतो. तापाच्या माणसाचे अंग नीट तपासून पाहा.

कुत्र्याने मारलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. हातावर पन्नी चढवून उचला, खोल खड्ड्यात पुरा, मग हात साबणाने धुवा. कुत्र्याला लेकरांचे तोंड चाटू देऊ नका. मोठी घूस लहान कुत्र्याला भारी पडते, ती नाकावर आणि ओठावर चावते. जखम दिसली की पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की एकत्रित लस सुरू करतात. त्यात लेप्टोचीही लस आहे का, हे विचारून घ्या. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस. दोन्ही पुढे दरवर्षी. जंताचे औषधही चालू ठेवा, कारण पिल्लाचे जंत अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात.

रेबीजबद्दल आम्ही कितीदा सांगितले तरी लोक जखमेवर चुना, तिखट, हळद भरून झाडपाल्यावाल्याकडे जातात. त्यात 'पिल्लूच आहे, नुसते दात लागले' हे वाक्य सगळ्यात घातक. लहान कुत्रा खेळता खेळता ओरखडतो आणि घर विसरून जाते. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. म्हणून दात लागला, रक्त आले नाही तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे फुकट आहे. पोटात चौदा इंजेक्शनांचा जमाना केव्हाच संपला. आता दंडात चार वेळा घेतात: पहिला दिवस शून्य धरून पुढे 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही लागते, ते मागा. गरोदर बाईने आणि तान्ह्या बाळानेही ही लस घ्यायची असते. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून स्वतःची लस टाळायची की नाही, हे घरी ठरवू नका.

विषाचेही सांगायला हवे. कुत्रा आणि उंदराचे औषध एका घरात नांदत नाहीत. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर कुत्राही जाऊ शकतो. त्याहून मोठी भीती लेकरांची. पेस्टमधला पिवळा फॉस्फरस पोटात गेला की थोडी उलटी होते, मग एक-दोन दिवस बरे वाटते, आणि त्यानंतर यकृत निकामी होते. त्यावर उतारा नाही. लेकरू हसतेखेळते दिसले तरी तासाभरात दवाखाना गाठा, ट्यूब किंवा पाकीट सोबत न्या. मीठपाणी पाजून उलटी काढू नका.

विहारात एका उपासिकेने विचारले, कुत्र्याकडून उंदीर मारवणे हा पहिल्या शीलाचा भंग नाही का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, तो भाग तिथेच पुन्हा वाचला गेला. आमचे म्हणणे एवढेच, की गरज आधी कमी करता येते. धान पत्र्याच्या झाकणाच्या कोठीत ठेवा, कोठी भिंतीपासून हातभर दूर आणि विटांवर. बोट जाईल एवढे भोक असले तरी लहान उंदीर शिरतो. काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. खरकटे रात्री बाहेर टाकू नका, कुत्र्याचे उरलेले अन्नही उचला, कारण त्याच ताटलीवर रात्री उंदीर येतात.

पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना पिल्लाचे लसीचे कार्ड मागून घ्या, त्यावर तारीख लिहून घ्या आणि घरच्या आरोग्याच्या कागदांतच ठेवा. वस्तीतल्या दहा-पंधरा घरांनी मिळून तारीख ठरवली तर डॉक्टरांना विहारासमोर एकाच दिवशी बोलावता येते. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे, त्या सुमारास विचारणा करा.