सह्याद्रीच्या सावलीतले हैदराबाद

आषाढात आपल्याकडे भिंतींना ओल धरते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. त्याच दिवसांत हैदराबादेस गेलेल्या गोमंतकीयास तेथील कोरडा वारा अंगावर घेताना, पाऊस वाटेत कोठे राहिला, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. पणजीस वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; हैदराबादेस जेमतेम आठशे.

पाऊस राहतो तो सह्याद्रीवर. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे त्याच्या कड्यास अडतात आणि वर चढतात. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावून थंड होते, बाष्पाचे ढग बनतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. पूर्वेकडे उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते. कोरड्या हवेचे तापमान दर शंभर मीटर उतारास सुमारे एक अंशाने वाढते. मग ढग टिकावेत कसे? महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, तर वीसेक किलोमीटरांवरील पाचगणीस त्याचा तिसरा हिस्साही कष्टानेच मिळतो. हैदराबाद तर कितीतरी दूर. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या शहरात हाहाकार उडविणारा पाऊस आला, तोही बंगालच्या उपसागराकडून.

तरीही हैदराबाद सह्याद्रीस पारखे झालेले नाही. १९०८ च्या मुशीच्या महापुरानंतर बांधलेले उस्मानसागर व हिमायतसागर वाढत्या वस्तीस पुरेनासे झाले, तेव्हा शहराने कृष्णेचे आणि पुढे गोदावरीचे पाणी आणले. एकीचा उगम महाबळेश्वरी, दुसरीचा त्र्यंबकेश्वरी. ढगांनी नाकारलेले पाणी नद्यांनी पोहोचविले, असेच म्हणावयाचे!

हे पाणी धरून ठेवण्याचे काम मात्र घाटमाथ्यावरील रान करते. रान तुटले म्हणून डोंगराची उंची घटत नाही, पाऊस अडतच राहील. परंतु तो मुरणार नाही, माती घेऊन धावत सुटेल आणि उन्हाळ्यात झरे आटतील. जुलै २०२४ मध्ये केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा नवा मसुदा काढला. त्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र होते. काही गावे वगळावीत, अशी मागणी आपल्या राज्याने केली. गावकऱ्यांची उपजीविकेची चिंता आम्ही खोटी मानत नाही. परंतु खाणींसाठी यादी आखडती घेण्यास आमचा विरोध आहे. चोर्ल्याच्या पलीकडे कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा अखेर कृष्णेसच मिळते, आणि त्या कृष्णेचे पाणी हैदराबादेच्या नळास येते.