‘संदेश’चे जुने अंक का जमवायचे?

सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी पुस्तकांत मिळतात. मग ‘संदेश’चे जुने अंक कशाला शोधायचे? आता बघा, आजोबा उपेंद्रकिशोरांनी १९१३ साली कोलकात्यात काढलेलं, पुढे बंद पडलेलं हे मुलांचं मासिक राय यांनी १९६१ मध्ये सुभाष मुखोपाध्यायांसह पुन्हा सुरू केलं. फेलूदाची पहिली गोष्ट त्यात डिसेंबर १९६५ पासून क्रमशः आली. पुस्तकात ती आपण सलग वाचतो. मुलांना महिनाभर नेमकं कुठे ताटकळत ठेवलं होतं, हे अंकातच कळतं. म्हणून शक्यतो सुटे अंक घ्या. जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांत मुखपृष्ठं बरेचदा काढून टाकलेली असतात. मग गोष्ट उरते. रायांची मुखपृष्ठचित्रं मात्र हरवतात.