व्हिजिटिंग कार्डातला साठा

व्हिजिटिंग कार्डावर नाव, हुद्दा, पत्ता एवढेच मावते. पुढे कार्डाच्याच आकाराची सीडी निघाली; तिच्यात सुमारे ५० मेगाबाइट, म्हणजे कारखान्याची अख्खी माहितीपुस्तिका बसे! अशा दोनचार आम्हीही जपून ठेवल्या. आता घरच्या संगणकाला सीडीचा खणच नाही. त्या मुक्या झाल्या.

१९९४ साली जपानात निघालेल्या क्यूआर कोडात फार तर २,९५३ बाइट मावतात. साठा तुटपुंजा खरा, परंतु तो साध्या शाईने छापलेला असतो. साठा निम्म्याहून कमी केला, तर त्यातला सुमारे ३० टक्के मजकूर बिघडला तरी भरून निघतो. मात्र नाव व फोन त्या कोडातच भरावेत. नुसता संकेतस्थळाचा पत्ता भरला आणि ते स्थळ बंद पडले, तर त्याचीही सीडीच झाली म्हणायची!