पंख पडतोय? आधी केबल सोडा

ग्लायडिंगचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘टेकऑफला पंख पडायला लागला तर स्टिक उलट्या बाजूला मारायची, उचलतो तो.’ छत्रपती संभाजीनगरमधल्या कॉलेजांतले एनसीसी कॅडेट असोत किंवा पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावर हौसेने एखादी फेरी मारून आलेले कुणी, सांगणारा हे अशा थाटात सांगतो की जणू सायकलचा तोल सावरायची गोष्ट चालली आहे. वाक्य धादांत खोटे असते तर एकदा खोडून मोकळे होता आले असते. ते अर्धे खरे आहे, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे.

आधी ग्लायडर जमिनीवर कसे असते ते पाहू. त्याचा भार पोटाखालच्या एकाच मुख्य चाकावर असतो, त्यामुळे उभ्या ग्लायडरचा एक पंख नेहमी जमिनीला टेकलेला दिसतो. ब्लानिकसारख्या दोन आसनी ग्लायडरच्या पंखांचा पसारा १६.२ मीटर, म्हणजे पंखाचे टोक चाकापासून आठ मीटर दूर. टेकऑफच्या वेळी एक जण ते टोक तळहातावर पेलून उभा राहतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेला विंच केबल गुंडाळू लागतो, केबलचा ढिलेपणा संपतो, ग्लायडर झेपावते, पंख धरणारा चार-सहा पावले पळतो आणि हात काढतो. तेव्हा वेग असतो ताशी वीसेक किलोमीटर. तिथून हवेत उठेपर्यंत जेमतेम तीन-चार सेकंद जातात. एकच चाक, आठ मीटरचा पंख आणि तोल सांभाळायला फक्त वारा, असा हा मधला काळ.

आता स्टिक उलट्या बाजूला मारा. स्टिकने हलतात ती एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, आणि त्यांचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ७० किलोमीटरला जो जोर मिळतो, त्याचा साधारण बारावा हिस्सा ताशी २० ला मिळतो. वैमानिक पूर्ण स्टिक मारून बसलेला असतो आणि पंखाला त्याचा पत्ताच नसतो. शिवाय पडणाऱ्या पंखाची झडप खाली जाते, तिथला हवेचा अडथळा वाढतो आणि ग्लायडरचे नाक त्याच पंखाकडे वळू लागते. म्हणून स्टिकबरोबर विरुद्ध बाजूचा रडर, म्हणजे शेपटीवरची उभी झडपही लागते, जी या वाक्यातून दर वेळी गाळली जाते. तोवर टोक गवतात अडकले तर आठ मीटर लांबीच्या तरफेने ग्लायडर फिरते. फिरताना बाहेरचा पंख जास्त वेगाने हवा कापतो, त्याला उचल जास्त मिळते, तो आणखी वर जातो आणि टेकलेला पंख आणखी खाली दाबला जातो. पुढची पायरी म्हणजे पंखाच्या टोकावरून कोलांटी. टोक टेकल्यापासून कोलांटीपर्यंतचा वेळ इतका कमी असतो, की तेव्हा विचार करून हात हलवू म्हणणाऱ्याचा हात पोहोचत नाही.

‘पण केबल पुढे ओढतेच आहे ना, ती सरळ करेल,’ हे दुसरे लाडके उत्तर. संक्रांतीला गच्चीवर उभ्या राहिलेल्या माणसाने तरी हे म्हणू नये. पतंगाचे डोके ज्या बाजूला वळलेले असेल, मांजा ओढला की तो तिकडेच धावतो. पेच लावणारे याच गुणावर पतंग खेळवतात. विंचचा हूक ग्लायडरच्या भारकेंद्राजवळ असतो. तिथून ओढल्याने वेग वाढतो, वळलेले नाक सरळ होत नाही.

ब्रिटनच्या ग्लायडिंग असोसिएशनने २००५ मध्ये विंच टेकऑफच्या सुरक्षिततेची मोहीम हाती घेतली, ती जुन्या अपघातांचा हिशेब मांडूनच. तिचा यासंबंधीचा नियम साधा आहे: सुरुवातीपासून हात रिलीजवर, म्हणजे केबल सोडायच्या खटक्यावर ठेवा, पंख समतल ठेवता येत नसतील तर टोक जमिनीला लागण्याआधी केबल सोडा. यावर जाणते लोक आक्षेप घेतात की अनुभवी वैमानिक पंख उचलतातच. उचलतात, बहुतेक वेळा उचलतात. आणि नऊ वेळा जमले म्हणून दहाव्या वेळी हात रिलीजकडे जात नाही, हाच तर धोका आहे. दुसरा आक्षेप, झटक्याने चुकून रिलीज ओढला जाईल. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणून मूठ आवळायची नाही, हात नुसता लागलेला ठेवायचा. तरी ओढला गेलाच, तर ग्लायडर मैदानावर थांबते, केबल पुन्हा जोडावी लागते आणि रांगेतले चार जण कुरकुरतात. एवढीच किंमत. याचा अर्थ पंख जरा डुलला की सोडा असाही नाही. स्टिक आणि रडर एकत्र वापरून तो परत येत असेल तर उत्तम. येत नसेल तर वाट बघायची नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. वारा पडलेला असेल तर पंख पडत नाही असे म्हणतात. उलट समोरचा वारा नसेल तर सुरुवातीला एलेरॉनला पुरेशी हवाच मिळत नाही, आणि मागून वारा असेल तर त्याहून वाईट. विमानामागे दोरीने ओढले जाताना हा प्रश्न नसतो, हेही खरे नाही. तिथे वेग हळू वाढतो, म्हणजे कमजोर एलेरॉनचा काळ लांबतो. पावसाळ्यानंतर गुडघाभर वाढलेले गवत म्हणजे मऊ गादी, ही कल्पना तर डोक्यातून काढूनच टाका, पंखाचे टोक पकडायला तेच सगळ्यात तरबेज. आणि पंख धरणाऱ्याने टोक घट्ट पकडून जितके लांब पळता येईल तितके पळावे, असेही सांगितले जाते. त्याचे काम पंख समतल ठेवण्याचे. त्याने टोक मागे खेचून धरले तर नाक वळवण्याची सुरुवात तोच करून देतो.