मल-सूक्ष्मजंतू रोपण
निरोगी दात्याच्या मलातील सूक्ष्मजंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याची चिकित्सापद्धती. व्रणयुक्त बृहदांत्रशोथात प्रतिरक्षा तंत्र अनावर होऊन बृहदांत्राच्या अस्तरास इजा होते. तंतुमय अन्नापासून ब्युटिरिक अम्ल तयार करून या तंत्रास आवर घालणारे सूक्ष्मजंतू अशा रुग्णांत घटलेले आढळतात. कॅनडातील चाचणीत (२०१५) ७५ रुग्णांना सहा आठवडे दर आठवड्यास बस्ती देण्यात आली. मलद्रव मिळालेल्या ३८ पैकी ९, तर पाणी मिळालेल्या ३७ पैकी २ जणांचा रोग शमला. या ९ पैकी ७ जणांचा दाता एकच होता. त्यावरून दात्याची निवड महत्त्वाची दिसते. अमेरिकेत अशा रोपणातून औषधांना न जुमानणारे जंतू संक्रमित होऊन एक रुग्ण दगावल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. म्हणून दात्याची काटेकोर तपासणी करतात. या रोगावर ही पद्धती अद्याप प्रायोगिकच आहे.