गोळी आणि तालीम

गेल्या मे महिन्यात आटपाडीला अक्काकडे गेलो होतो. पहाटे पाचला भाच्याच्या खुडबुडीने जाग आली. स्वारीची पोलीस भरतीची तयारी चालली होती : सोळाशे मीटरची धाव, शंभर मीटरची धाव आणि गोळाफेक. बाहेर पडण्यापूर्वी त्याने कोनाड्यातली पट्टी काढली आणि एक गोळी तोंडात टाकली.

"का रे, ताप आहे?" मी विचारले.

"न्हाई मामा. मांड्या भरून आल्यात. गोळी घेतल्याबिगर पाय उचलत न्हाईत. आमच्यातली समदी पोरं घेत्यात."

तीन आठवडे दिवसाला दोन-तीन गोळ्या चालल्या होत्या. पट्टी अक्कानेच आणून दिली होती. पोराचे कण्हणे तिला ऐकवेना!

मला मौज वाटली ती ठिकाणाची. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. या माणदेशातलीच व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. तिच्यातही गावकरी तालीम बांधतात. तालमीत नव्याने जोर-बैठका काढणाऱ्याचे अंग आंबणारच, हे वस्ताद गृहीतच धरतात. मालीश, शेक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीत. त्याला कुणी दुखणे म्हणत नाही.

माझ्या कंबरेच्या निमित्ताने या गोळ्यांविषयी मी थोडेफार वाचले होते, ते भाच्याला सांगितले. अंगावर नवा ताण पडला की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. शरीर ती दुरुस्त करते आणि करताना तंतू पहिल्याहून बळकट करते. या कामात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये राबतात. ठणका वाढवणारीही तीच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या ती द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. हे कोडे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली उलगडले आणि १९८२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. म्हणजे ठणका थांबवताना गवंड्यालाही घरी पाठवण्यासारखे झाले.

स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेने २०१७ मध्ये याची परीक्षा प्रसिद्ध केली. तरुण स्त्रीपुरुषांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. काहींना रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिले, बाकीच्यांना अगदी अल्प अ‍ॅस्पिरिन. आयबुप्रोफेनवाल्यांच्या मांडीच्या स्नायूंची वाढ दुसऱ्यांच्या जेमतेम निम्मी भरली. (वृद्धांवरच्या काही प्रयोगांत मात्र असा तोटा दिसला नाही, तेव्हा आजोबांची गोष्ट निराळी.)

"म्हंजे निम्मी मेहनत पाण्यात?" भाचा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

मला खरी धास्ती वाटत होती ती मूत्रपिंडांची. घामाने अंगातले पाणी आटले की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा याच द्रव्यांच्या आधाराने टिकतो. आटपाडीचा मे महिना, चार-पाच मैलांची धाव, पोटात अर्धा पेला पाणी आणि वर ही गोळी! आपल्याकडची गिधाडे कशाने संपली? डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन, मूत्रपिंडे निकामी होऊन. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झाले, ते याच कारणाने. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे खरे. पण अक्काने मुकाट्याने पट्टी उचलून कपाटात ठेवली.

पुढचे दोन दिवस भाचा लंगडतच घरात फिरला. अक्का मिठाच्या पुरचुंडीने मांड्या शेकत बसे आणि मधूनमधून माझ्याकडे रागाने पाही. चौथ्या दिवशी मांड्या मोकळ्या झाल्या. पण डाव्या नडगीवर एका जागी तो बोट ठेवून दाखवू लागला : "हितंच, मामा. रात्री पन ठणकतंय."

अंग आंबलेले दोन-चार दिवसांत ओसरते आणि सगळीकडे पसरलेले असते. एका बोटाखाली मावणारे, रात्री झोपू न देणारे दुखणे निराळे. हेलसिंकीला १९५२ साली कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पुढे पोलीस खात्यात गेले. पण गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचे १९५६ चे मेलबर्न हुकले. भाच्याला घेऊन सांगलीला गेलो. डॉक्टरांनी फोटो काढले. नडगीच्या हाडाला बारीक चीर होती.

"दुखत नव्हते का पूर्वी?" त्यांनी विचारले.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मग खिशातून पट्टीचा रिकामा कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

आठ आठवडे धावायचे नाही, असे ठरले. परत येताना एस्. टी.त तो खिडकीबाहेर पाहत गप्प बसला होता. विटा मागे पडल्यावर म्हणाला, "मामा, जोर काढलेले चालत्याल का, इचारायचं ऱ्हायलंच की!"